बूटमास्तरांचा पांढरा

‘कोणताबी चालते’ असं म्हणणाऱ्या माणसाचं काम बूटमास्तर करत नसत. समोर ठेवलेला जोडा दोन बोटांनी परत सरकवत आणि म्हणत, “कोणताबी, असा रंगच नसते. घरी जा, बायकोले इचारा, मग या.” कोणी हसे, कोणी तणतणत दुसरं दुकान गाठी. मास्तरांना त्याचं सोयरसुतक नसे. नुसतं ‘तपकिरी’ म्हणूनही भागत नसे. चहाचा, गुळाचा की चिंचेचा, ते सांगावं लागे. एखादा म्हणे, “क्या मास्टर, जूता ही तो है!” यावर ते त्याच्या पायांकडे नाही, तोंडाकडे बघत आणि म्हणत, “तोंडाले पावडर लावतांना असंच म्हणतोस का रे?”

बालाघाटात काली पुतली चौकाच्या मागच्या गल्लीत त्यांची पत्र्याची टपरी होती. वडील भंडाऱ्याकडून मँगनीजच्या खाणीत कामाला आले आणि इथलेच झाले. मास्तर मात्र तरुणपणी कामठीला गेले, पलटणीचे बूट शिवणाऱ्या एका कारागिराच्या हाताखाली सहा वर्षं राहिले आणि चामड्याला रंग देण्याची विद्या घेऊन परत आले. त्यावरून बूटमास्तर. खरं नाव त्यांच्या रेशनकार्डावरच असावं. आमच्या वस्तीतल्या निम्म्या पोरांनी थोरल्या भावंडाचे जुने बूट मास्तरांकडून काळे करून घेऊन शाळेत पहिलं पाऊल टाकलं. त्यात मीही होते. माझ्या दादाचे तपकिरी बूट त्यांनी असे काळे केले होते की, वर्गात ते नवे म्हणून खपले.

विहारातल्या काही तरण्या पोरांना मास्तरांचं चामड्याचं काम खटकायचं. एकदा एकानं त्यांना सर्वांसमोर सुनावलं, आता तरी हे सोडा, आपल्या समाजानं हे सोडून किती पिढ्या झाल्या. मास्तर शांतपणे म्हणाले, “मेलेलं ढोर वढाचं माया आज्यानं सोडलं. त्यानं बरोबरच केलं. मी ढोर वढत नाही बावा, मी रंग देतो. हा हुनर आहे. तुले येते का?” पुढच्याच आठवड्यात आपल्या लग्नाचे बूट घेऊन तो पोरगा टपरीवर हजर होता, आणि मास्तरांनी त्यालाही विचारलंच, कोणता तपकिरी?

चार वाजल्यानंतर ते रंगाला हात लावत नसत. दिव्याच्या उजेडात रंग पारखणं त्यांना मान्यच नव्हतं. “बल्बखाली सगळंच चांगलं दिसते माय, नवरी बी अन् बूट बी,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. झालेलं काम दाखवायची वेळ सकाळी दहाची, टपरीबाहेर, उघड्यावर. तोवर ते गोणपाटाखाली झाकलेलं असे. अर्धं काम ते कुणालाही दाखवत नसत, प्रत्यक्ष मालकालाही नाही. काम घेताना माणसानं ते नीट पाहिलं नाही, तर त्यांना राग यायचा. “पाहून घे. घरी जाऊन बोंबलू नोको.”

पुढे मी इथल्याच एका शाळेत गणिताची शिक्षिका झाले. माझी ख्याती बरी नाही. उत्तर बरोबर पण रीत चुकली, तरी मी गुण कापते, आणि लाल पेनाची शाई माझ्या हाताला कायम लागलेली असते. पोरांचे आईबाप भेटायला येतात ते थोडे घाबरूनच. बूटमास्तरांना मात्र याचं केवढं कौतुक! मला ते नावानं कधी हाक मारत नसत, ‘लाल पेन’च म्हणत. “गावात दोनच माणसं खरं बोलतात,” ते सांगायचे, “एक आरसा अन् एक हे लाल पेन.” मी हसायचे. ऐकायला गोड वाटायचं, खोटं कशाला सांगू.

त्यांची बायको गेली, तेव्हापासून ते आपले कपडे आपणच धुवू लागले. पौर्णिमेला विहारात आम्ही सगळे पांढऱ्या कपड्यांत जातो. लुगडी आणि सदरे आदल्या दिवशी नीळ देऊन वाळत घातलेले असतात. मास्तरांचा सदरा त्या वर्षभरात हळूहळू निळा होत चालला होता. आधी किंचित निळसर, मग पावसाळ्यानंतर चांगलाच निळा. बायका पदराआड हसत. म्हाताऱ्याच्या हातून नीळ जास्त पडते, घरात बाई नसली की असंच व्हायचं, असं आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. एकदा मीच म्हणाले होते, “काय मास्तर, आज आभाळ घालून आले का?” ते स्वतःच्या बाहीकडे बघून म्हणाले, “काहून? पांढराधोट तं आहे.” मला वाटलं, ते चेष्टेला चेष्टेनं उत्तर देताहेत.

माझी मुलगी मिनू तेव्हा आठ वर्षांची होती. शाळेच्या सिमेंटच्या मैदानावर ती चाकांचे स्केट्स घालून सुसाट पळायची. तिच्या सरांनी तीन मुलांना मे महिन्यात देहरादूनला न्यायचं ठरवलं. तिथं बर्फाचा रिंक होता आणि दहा दिवसांचं शिबिर होतं. मे महिन्यात आमच्याकडे माठातलं पाणीसुद्धा कोमट होतं, तिथली ही पोर बर्फावर घसरायला निघाली होती. माझ्या दादानं कॅनडाहून आपल्या मुलाचे लहान झालेले बर्फावरचे बूट पाठवले. चांगल्या चामड्याचे, घोट्याच्या वरपर्यंत येणारे, खाली लोखंडाचं पातं. पण काळे. मिनूनं खोकं उघडलं आणि तोंड पाडलं. “मम्मी, ये तो लड़कों वाले हैं.” मोबाइलवर तिनं पाहिलेल्या सगळ्या मुलींचे बूट पांढरे होते. तिला पांढरेच हवे होते.

मास्तरांनी ते बूट हातात घेतले आणि पात्याकडे बघत राहिले. “बुटाले सुरी लावली का? कोणाले कापाले चालली ही?” मिनू खिदळली. मग ते गंभीर झाले. थिनर लावलेली चिंधी घोट्यावर घासून त्यांनी जुना रंग कितपत निघतो ते पाहिलं, चामडं वाकवलं, वास घेतला. “पांढऱ्याचा काळा कोणीबी करते,” ते म्हणाले, “काळ्याचा पांढरा कराले मास्तर लागते. काळा खालून डोकावते. पुष्कळ पातळ हात द्यावे लागतात, सावलीत वाळवून.” आणि मिनूकडे वळून त्यांनी विचारलं, “कोणता पांढरा, बाई? दुधाचा, चुन्याचा, का बगळ्याचा?”

“बर्फ वाला,” मिनू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी मास्तर आमच्या दारात. ते मासळीबाजारात जाऊन बर्फाची लादी बघून आले होते. भुसा पुसायला लावून, हात लावून, जवळून, लांबून. “त्याच्यात तं रंगच नाही, माय. घट्ट पाणीच आहे ते. याचा कोणता पांढरा घेऊ?” मी वार्षिक परीक्षेचे पेपर तपासत होते. मान वर न करता मी म्हणाले, “मास्तर, विहारात नेसतो त्या लुगड्याचा घ्या. नीळ दिलेल्या.” ते एकदम खूश झाले. “हे कामाचं बोलली,” असं म्हणत निघून गेले.

आठ दिवस बूट गोणपाटाखाली होते. मी जाता-येता विचारायचे, तर म्हणायचे, “अजून पिवळा मारून राह्यला. एक हात आखीन देतो.” त्यांनी पातं सायकलच्या जुन्या ट्यूबनं गुंडाळून ठेवलं होतं, म्हणजे त्यावर शिंतोडा उडू नये. नवव्या दिवशी, सकाळी दहाला त्यांनी आम्हाला बोलावलं. दुसऱ्या दिवशी मिनूची गाडी होती.

त्यांनी गोणपाट उचललं. बूट निळे होते.

निळसर नव्हे, निळे. धुतलेल्या आभाळाचा निळा. आणि काम तर असं देखणं की कुठं ओघळ नाही, ब्रशची रेघ नाही, घोट्याशी वाकवलं तर चीर नाही, काळा कुठून म्हणून डोकावत नाही. मास्तरांनी ते माझ्यासमोर धरले आणि म्हणाले, “घे. लाल पेननं पाहा. झाला का पांढरा?”

त्या क्षणी मी त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. दोन्ही बाहुल्यांवर राखाडी साय धरली होती. उजवीवर जास्त. वर्षभर निळे होत गेलेले सदरे मला एकदम समजले. त्यांना पांढरं पिवळं दिसत होतं, आणि तो पिवळा मारण्यासाठी ते नीळ घालत होते, घालतच होते. मला सगळं कळलं. कळलं नाही असं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, स्वतःलाही नाही.

“हौ मास्तर,” मी म्हणाले. “एकदम पांढरे.”

मिनूनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी तिचा हात दाबला.

मास्तर खाली स्टुलावर बसले. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. “मंग डोळे चांगले आहेत माये,” ते म्हणाले. “सुनंदा गोंदियाहून फोन करून करून सांगते, बाबा, डोळे दाखवा, बाबा, डोळे दाखवा. म्या म्हटलं, थांब. हे काम होऊ दे. पांढरा जमला तं डोळे ठीक, नाही जमला तं येतो दवाखान्यात. आता सांगतो तिले, लाल पेननं पास केलं मले.”

तेव्हाही बोलता आलं असतं. अजून काही बिघडलं नव्हतं. दोन शब्दांचं काम होतं, आणि वर्गात असे दोन शब्द मी दिवसातून चाळीस वेळा बोलते. पण त्यांच्या चेहऱ्यावर ते जे समाधान होतं, त्याला धक्का लावायचा मला धीर झाला नाही. म्हाताऱ्या माणसाचं मन राखावं, अशी आपल्यात रीत आहे. मी ती पाळली आणि मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली.

रस्त्यावर आल्याबरोबर मिनू रडायला लागली. “ये तो नीले हैं! आपने झूठ क्यों बोला?” मी तिला बजावलं की, मास्तर आजोबांसमोर हा शब्द काढायचा नाही, त्यांना फार वाईट वाटेल. ती रुसूनच देहरादूनला गेली. तिथं तेवीस मुलींत एकटीचे बूट निळे. दोन दिवस तिनं तोंड लपवलं, तिसऱ्या दिवशी बाकीच्या पोरी ‘हमें भी नीले चाहिए’ म्हणू लागल्या, आणि बाईसाहेब परत आल्या त्या त्या बुटांना छातीशी धरून. फोटो दाखवायला ती मास्तरांकडे गेली. त्यांनी मोबाइल नाकाशी नेला आणि म्हणाले, “चमकून राह्यले!” मिनूनं माझ्याकडे बघितलं आणि ती गप्प राहिली. शहाणी पोर, मला वाटलं.

त्या पावसाळ्यात मास्तरांना एका सायकलवाल्यानं धडक दिली. सुईत दोरा ओवायला ते येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवू लागले. मी दोनदा विषय काढला. “मास्तर, एकदा दाखवून तं घ्या डोळे.” ते हसायचे. “काहून? तूच तं पास केलं.” सहामाहीचा निकाल लागू दे, सणवार होऊ दे, थंडी पडू दे, मग बघू, असं मी ढकलत राहिले. टपरीवर त्यांनी नवीन पाटी लावली होती. काळ्याचा पांढरा करून मिळेल.

जानेवारीतल्या एका रविवारी दारावर थाप पडली. बाहेर मास्तर, आणि त्यांच्यामागे एक परिचारिका. तिच्या हातात कामावर घालायचे बूट होते. ती संतापानं लाल झाली होती. मास्तर तिला वीस मिनिटं चालवत घेऊन आले होते.

“हे बाई म्हणते, मी आंधळा आहे,” मास्तर म्हणाले. मान ताठ होती. “म्या म्हटलं, चाल. गावात एक माणूस आहे खरं सांगणारं. ते सांगन. सांग लाल पेन, हे पांढरे आहेत का नाही?”

“आप ही बताओ मैडम,” ती बाई म्हणाली. “ये सफेद है?”

बूट मिनूच्या बुटांपेक्षाही निळे होते. तिथं मी काय करू शकत होते? पुन्हा एकदा खोटं बोलायलाही मला जागा उरली नव्हती.

“निळे आहेत, मास्तर.”

त्यांनी परिचारिकेच्या हातातला एक बूट घेऊन डोळ्यांशी धरला. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, “अन् मिनूचे?”

“ते बी.”

“काहून नाही सांगितलं?”

“तुमाले वाईट वाटलं असतं.”

“हौ,” ते म्हणाले. “वाटलं असतं.” आणि भिंतीचा आधार घेत पायऱ्या उतरले. परिचारिकेचा राग कुठल्या कुठे गेला. तिनंच त्यांचा हात धरला, आणि दुसऱ्या दिवशी तिनंच त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. मी नाही. माझी हिंमत झाली नाही.

उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकून फुटला होता आणि त्यानं डोळ्याची नस मारली होती. डावा वाचला, शस्त्रक्रियेनं चांगला झाला. सुनंदाला डॉक्टरांनी सांगितलं की, सहा-आठ महिने आधी आणलं असतं तर दोन्ही वाचले असते. सुनंदानं ते मला फोनवर सांगितलं, सहज, घरचं माणूस समजून. मी फोन ठेवला. मे ते जानेवारी किती महिने, हे मोजायला गणिताची शिक्षिका लागत नाही.

शस्त्रक्रियेनंतर गोंदियाला राहिलेले मास्तर मार्चमध्ये टपरी बंद करायला आले. लेकीकडे कायमचे निघाले होते. जाण्याच्या दिवशी सकाळी ते आमच्याकडे आले. काळा चष्मा, अंगात सदरा. तो सदरा पांढराशुभ्र होता, सुनंदानं धुतलेला. “मिनूचे बूट दाखवता का?” त्यांनी विचारलं. मिनूनं ते आणले. अंगणात, उजेडात, त्यांनी काळा चष्मा काढला आणि एका डोळ्यानं ते बूट फिरवून फिरवून पाहिले. टाचेवरून अंगठा फिरवला, घोटा वाकवून बघितला.

“काम चांगलं झालं,” ते म्हणाले. “निळा बी चांगला बसला. पण म्या पांढरा केलता.”

मी माफी मागायला तोंड उघडलं, पण ते माझ्याकडे बघतच नव्हते. ते मिनूला म्हणाले, “बाई, तुले तं दिसत होतं ना? तू काहून नाही सांगितलं मले?”

मिनूनं खाली बघत सांगितलं, “मम्मी ने मना किया था.”

मास्तरांनी मिनूच्या डोक्यावर हात ठेवला. “मंग बरोबर केलं तू. मायचं आयकाव.” माझ्याकडे वळून ते फक्त “येतो” म्हणाले. लाल पेन म्हणाले नाहीत. गोंदियाची बस सुटेपर्यंत सोबत जायचं मी ठरवलं होतं, पण त्यांनी कोपऱ्यावरूनच हातानं खूण करून मला परत पाठवलं.

पावसाळ्यात गोंदियाहून निरोप आला. थोड्याशा तापाचं निमित्त झालं. पुढच्या पौर्णिमेला विहारात श्रद्धांजलीची सभा झाली. सगळे मास्तरांबद्दल बोलले. लग्नाच्या बुटांचा तो पोरगाही बोलला, आता त्याचे केस पिकायला लागलेत. मग विहाराचे अध्यक्ष उठले आणि म्हणाले, माणूस गुणी होता, पण हट्टी. म्हातारी माणसं ऐकत नाहीत. डोळे वेळेवर दाखवले असते तर हातातली कला गेली नसती. लोकांनी माना डोलावल्या. सभेसाठी आलेल्या सुनंदानंही डोलावली. तिला दुसरं काही ठाऊकच नव्हतं.

नंतर मला बोलायला सांगितलं. मास्तरांची लाडकी मी, चार चांगले शब्द बोलणं ओघानं आलंच. मी घरून लिहूनही आणले होते. उभी राहिले तर पहिल्या रांगेत मिनू बसलेली. ती माझ्याकडे बघत होती, आता ही काय सांगते म्हणून. मी कागद दुमडला.

“मास्तर हट्टी नव्हते,” मी म्हणाले. “त्यांनी विचारलं होतं. मला विचारलं होतं.”